आयईएलटीएस स्पीकिंग: चपला-बुटांच्या खरेदीवरचे प्रश्न, उत्तरं कशी द्यायची?

पायपीट

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी चाचणीत पहिल्या भागात चपला-बुटांच्या खरेदीवर प्रश्न येतात, आणि बरीच चांगली तयारी झालेली मंडळी तिथे अडखळतात. पर्यावरण, तंत्रज्ञान यांवर लोक महिनाभर सराव करतात. बुटांवर कोण करणार? पण घरगुती विषय निघाला की आपण मनात मराठी वाक्य जुळवतो आणि तेच इंग्रजी शब्द घालून पुढे सरकवतो. म्हणून फक्त या विषयावर धागा काढतोय.

आधी चौकट सांगतो. मुलाखत एकूण ११ ते १४ मिनिटांची. पहिला भाग ४ ते ५ मिनिटं: सुरुवातीला घर, नोकरी किंवा शिक्षण, मग रोजच्या जगण्यातले विषय. बूट इथे येतात. दुसऱ्या भागात कार्ड मिळतं, १ मिनिट विचाराला आणि १ ते २ मिनिटं बोलायला. तिसरा भाग पुन्हा ४ ते ५ मिनिटांची चर्चा. ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार या चार गोष्टींना सारखं वजन आहे. तुमचं मत बरोबर की चूक याला गुणच नाहीत. वर्षाला एक जोड घ्या की वीस, बँड (म्हणजे या परीक्षेतली गुणांची पायरी) त्यावर ठरत नाही.

नेहमी फिरणारे प्रश्न साधारण असे:

– डू यू लाइक बाइंग शूज?
– हाउ ऑफन डू यू बाय शूज?
– हाउ मच डू यू यूझुअली स्पेंड ऑन शूज?
– हॅव यू एव्हर बॉट शूज ऑनलाइन?
– डू यू नो एनीवन हू लाइक्स टू बाय अ लॉट ऑफ शूज?
– विच डू यू प्रिफर, कम्फर्टेबल शूज ऑर गुड-लुकिंग शूज?

प्रत्येकाला दोन ते चार वाक्यं, म्हणजे १५ ते २५ सेकंद पुरे. एका शब्दात उत्तर दिलं तर परीक्षकाला ऐकायला काही मिळत नाही. मिनिटभर बोलत राहिलात तर तो मध्येच थांबवून पुढचा प्रश्न घेतो. थेट उत्तर, मग स्वतःचा एक नेमका तपशील, मग कारण. उदाहरणार्थ ‘हाउ ऑफन’ला:

“ट्वाइस अ इयर, आय सपोज. आय गेट अ पेअर ऑफ रबर सँडल्स इन मे, जस्ट बिफोर द मॉन्सून, अँड समथिंग स्मार्टर अराउंड दिवाळी. लेदर डझन्ट सर्व्हाइव्ह द रेन्स इन मुंबई, सो देअर्ज नो पॉइंट बाइंग इट इन जून.”

यात एकही अवघड शब्द नाही. पण मे, दिवाळी, पाऊस, चामडं हे सगळं मुंबईत राहणाऱ्याच्या आयुष्यातलं आहे, त्यामुळे बोलताना शोधावं लागत नाही. मराठीत ‘वर्षातून दोनदा’ म्हणून ‘इयरली ट्वाइस’ किंवा ‘इन अ इयर टू टाइम्स’ निघतं, ते टाळा. ‘ट्वाइस अ इयर’ किंवा ‘वन्स एव्हरी सिक्स मंथ्स’.

अनुस्वार

धागा उत्तम. चुका कुठून येतात ते मी शब्दांच्या अंगाने मांडतो. बहुतेक चुकांचं मूळ एकच: मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन.

पाय. आपला पाय कमरेपासून बोटांपर्यंत एकच. इंग्रजीत घोट्याच्या वर लेग, खाली फूट. ‘माय लेग इज ब्रॉड, सो शूज डोन्ट फिट’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मांडी येते. “आय हॅव वाइड फीट” म्हणा. दुखतात तेही ‘पेनिंग’ नाही, “माय फीट हर्ट”.

घालणे. बूट पायात चढवण्याची क्रिया म्हणजे पुट ऑन, दिवसभर ते पायात असणं म्हणजे वेअर. ‘आय पुट ऑन स्पोर्ट्स शूज होल डे’ चूक, “आय वेअर ट्रेनर्स ऑल डे” बरोबर. काढणे म्हणजे टेक ऑफ. दुकानात घालून बघणे म्हणजे ट्राय ऑन. यातला ‘ऑन’ जवळजवळ सगळे गाळतात. आणि बुटांसाठी सर्वनाम अनेकवचनी: “आय ऑलवेज ट्राय देम ऑन”. ‘ट्राय इट’ नाही.

नंबर. ‘माझा आठ नंबर’ याचं ‘माय नंबर इज एट’ होतं. “आय वेअर अ साइझ एट” किंवा “आयम अ साइझ एट”.

चप्पल. इथे सर्वात जास्त घोळ होतो. आपण रबरी चपलेला स्लीपर म्हणतो. ब्रिटिश इंग्रजीत स्लिपर्स म्हणजे घरात घालायची मऊ पादत्राणं. ‘आय वेअर स्लिपर्स टू द ऑफिस इन द मॉन्सून’ म्हटलं तर वेगळंच चित्र उभं राहतं. रबरी अंगठ्याची असेल तर फ्लिप-फ्लॉप्स, पट्ट्यांची असेल तर सँडल्स. स्पोर्ट्स शूज चालतं, पण ट्रेनर्स किंवा स्नीकर्स जास्त सहज वाटतं.

चावणे. बूट चावतो, म्हणून ‘शू-बाइट’. हा शब्द भारताबाहेर फारसा कळत नाही. “द न्यू शूज गेव्ह मी ब्लिस्टर्स” किंवा “दे रब अ बिट अॅट द हील”. नवीन चप्पल वापरून पायाला सरावणे याला ब्रेक इन. “कोल्हापुरीज टेक अ फ्यू वीक्स टू ब्रेक इन” हे वाक्य शब्दसंपत्तीत ठळक उठून दिसतं आणि मुंबईच्या माणसाच्या तोंडी शोभतंही.

एका ठिकाणी मात्र मराठी आपल्याला मदत करते. मापात बसणे, शोभणे, आणि ‘हे बूट या पँटवर जातात’ यातलं जाणे, ही तीन वेगळी क्रियापदं आपल्याकडे आहेतच. इंग्रजीत तीच तीन: फिट, सूट, गो विथ. “दे फिट मी, बट दे डिडन्ट गो विथ एनीथिंग आय ओन.” ज्यांना फक्त ‘मॅच’ येतं त्यांनी ही तिन्ही आजच उचलावीत.

कुर्ला_पूर्व

अनुस्वार, प्रतिसाद जपून ठेवला. त्यात थोडी भर:

‘अ शू’ म्हणजे एक बूट. विकत घेतो तो ‘अ पेअर ऑफ शूज’. फूटवेअर अनेकवचनात येत नाही, ‘फूटवेअर्स’ चूक. ‘शॉपिंग ऑफ शूज’ नाही, ‘शॉपिंग फॉर शूज’. ‘द प्राइस वॉज कॉस्टली’ नाही. बूट महाग असतात, किंमत जास्त असते: “द शूज वर एक्स्पेन्सिव्ह”, “द प्राइस वॉज अ बिट हाय”. ‘टू थाउजंड्स रुपीज’ नाही, “टू थाउजंड रुपीज”. ‘चीप अँड बेस्ट’ऐवजी “गुड व्हॅल्यू फॉर मनी”.

आणि आपला लाडका ‘च’. ‘दादरलाच घेतो’ याचं ‘आय बाय फ्रॉम दादर ओन्ली’. ते “आय ऑलवेज बाय देम इन दादर” असं करा.

शिकाऊ_उमेदवार

एक शंका. या सहा प्रश्नांची उत्तरं लिहून पाठ केली तर? ओघ तरी नक्की मिळेल ना?

पायपीट

नाही मिळणार. पाठ केलेलं बोलताना सूर सपाट होतो, वेग अचानक वाढतो, आणि पुढच्याच ‘व्हाय?’ला तोच माणूस तुटक बोलू लागतो. हा फरक समोरच्याला लगेच ऐकू येतो. कोणत्या बँडला कसं बोलणं अपेक्षित आहे याचं वर्णन सर्वांसाठी प्रसिद्ध केलेलं असतं; त्यात पाठ केलेल्या वाक्यांचा उल्लेख व्याकरणाच्या रकान्यात बँड ३ ला येतो, यावरून समजा.

शिवाय प्रश्न थोडा वळतो. ‘हाउ ऑफन डू यू बाय’ऐवजी ‘वेन डिड यू लास्ट बाय’ आलं, की पाठ केलेलं वर्तमानकाळातलं उत्तर भूतकाळाच्या प्रश्नाला जोडलं जातं. वाक्यं पाठ करू नका, तपशील ठरवून ठेवा: शेवटचा जोड कुठे घेतला, कितीला, कोणत्या महिन्यात, काय आवडलं नाही. हे चार मुद्दे डोक्यात पक्के असतील तर वाक्य आपोआप नवं तयार होतं.

काळांवरून एक महत्त्वाचं. ‘हॅव यू एव्हर बॉट शूज ऑनलाइन?’ याला “यस, आय हॅव” आणि लगेच साधा भूतकाळ: “आय ऑर्डर्ड अ पेअर लास्ट ऑक्टोबर, बट दे वर हाफ अ साइझ टू स्मॉल, सो आय सेंट देम बॅक.” ‘आय हॅव बॉट लास्ट इयर’ ही ठरलेली चूक आहे. निश्चित वेळ सांगितली की ‘हॅव’ जातं. दुसरी ठरलेली चूक ‘यूझ्ड टू’ची. ‘मी दादरला घेत असतो’ याचं लोक ‘आय यूझ्ड टू बाय इन दादर’ करतात. त्याचा अर्थ पूर्वी घ्यायचो, आता घेत नाही. चालू सवयीसाठी “आय यूझुअली बाय”.

चर्चगेट_स्लो

उच्चाराबद्दल लिहितो, कारण नेमक्या या विषयात मराठी जिभेचे तीन-चार खड्डे एकत्र आलेत.

मराठीत ‘इ’ ऱ्हस्व की दीर्घ याने बोलण्यात सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण त्याकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत बदलतो. फिट आणि फीट, हिल आणि हील. “दे फिट माय फीट” हे वाक्य रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा. पहिलं आखूड आणि सैल, दुसरं लांब आणि ओठ ताणून. वांद्र्याचा हिल रोड आखूड, हाय हील्स लांब.

बॉट आणि बोट. ‘आय बोट शूज’ म्हटलं की होडी. बॉटमधला ‘ऑ’ लांब आणि जबडा खाली. कॉस्ट आणि कोस्टचंही तसंच, फक्त कॉस्टमधला ‘ऑ’ आखूड.

व. आपला एकच व दोन्हीकडे चालतो. वेअर म्हणताना दात ओठाला लागू द्यायचे नाहीत, ओठांचा चंबू करायचा. वेअर, वाइड, वीक्स यांना चंबू. व्हॅल्यू, व्हेरी यांना दात. “आय वेअर व्हेरी वाइड शूज” यात दोन्ही आलटूनपालटून येतात, सरावाला चांगलं वाक्य.

कम्फर्टेबल. शेवटी ‘टेबल’ म्हणू नका. बोलताना ते तीनच तुकड्यांचं होतं, कम्फ-ट-बल, आणि जोर पहिल्यावर. हा शब्द या विषयात चार-पाच वेळा येणार, तेव्हा आधी तोच सुधारा.

आणि जोर. मराठीत प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या वजनाने येतं. इंग्रजी वाक्यात अर्थाचे दोन-तीन शब्द उंच आणि लांब, बाकीचे आवळलेले. “आय गेट देम इन *मे*, बिफोर द *रेन्स* स्टार्ट.” ‘इन’, ‘द’ जवळपास गिळायचे. मराठी वळण लपवायची गरज नाही, त्याला गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला ताण न पडता समजलं पाहिजे, एवढंच मोजतात.

दुपट्टी

मुंबईकरांकडे घासाघीस हा भरपूर साहित्य असलेला विषय आहे आणि तो कोणी वापरत नाही. लिंकिंग रोड, कुलाबा कॉजवे, दादर पश्चिमेचा फुटपाथ. त्यासाठी शब्द हवेत फक्त पाच-सहा.

विक्रेता भाव सांगतो: ही कोट्स अ प्राइस. आपण घासाघीस करतो: वी हॅगल किंवा वी बार्गेन. भाव खाली आणतो: आय गॉट हिम डाउन टू सिक्स हंड्रेड. तो ऐकत नाही तर आपण निघतो: आय वॉक अवे, अँड ही कॉल्स मी बॅक. एकच भाव असलेलं दुकान: अ शॉप विथ फिक्स्ड प्रायसेस.

“इफ आयम बाइंग ऑन लिंकिंग रोड, विच इज अ बिग स्ट्रीट मार्केट इन बँड्रा, आय हॅगल. द सेलर कोट्स ट्वेल्व्ह हंड्रेड, अँड आय कॅन यूझुअली गेट हिम डाउन टू अबाउट सेव्हन.” हे ‘हाउ मच डू यू स्पेंड’चं उत्तर आहे. ‘विच इज’चा तुकडा पाहा. परीक्षकाला वांद्रे माहीत असेल की नसेल, तुम्ही एका उपवाक्यात ओळख करून दिली आणि व्याकरणातही गुंतागुंतीचं वाक्य जमा झालं. ठिकाणाचं नाव घेतलं की हा तुकडा जोडण्याची सवयच लावा.

चांभाराचाही असाच उपयोग. स्टेशनबाहेर चप्पल शिवून घेतो, म्हणजे दुसऱ्याकडून करून घेतो. “आय हॅड द स्ट्रॅप स्टिच्ड”, “आय गॉट देम रीसोल्ड” (म्हणजे नवा तळ लावून घेतला). ‘आय स्टिच्ड माय सँडल’ म्हटलं तर सुईदोरा तुमच्या हातात. ‘हॅव समथिंग डन’ ही रचना बहुतेकांच्या बोलण्यात येतच नाही. चपलेचा अंगठा तुटला असेल तर “द टो स्ट्रॅप स्नॅप्ड”, तळ झिजला तर “द सोल्स हॅव वोर्न आउट”, तळ सुटला तर “द सोल केम अनस्टक”.

शब्दवेल्हाळ

यात म्हणीही घाला. ‘कॉस्ट अॅन आर्म अँड अ लेग’ (फार महाग पडणे) किंवा ‘बर्न अ होल इन माय पॉकेट’. बँड ७ ला वाक्प्रचार लागतातच.

अनुस्वार

इथे मी सहमत नाही. बँड ७ च्या वर्णनात कमी प्रचलित आणि वाक्प्रचारयुक्त शब्द काही प्रमाणात वापरता येणं आहे, पण त्याला लागूनच शैलीची आणि कोणता शब्द कशाबरोबर जातो याची जाण हेही आहे. सहाशे रुपयांच्या सँडलवर ‘आर्म अँड अ लेग’ लावलं तर जाण नाही हेच सिद्ध होतं. वर दुपट्टी यांनी दिलेलं ‘गेट हिम डाउन टू’ किंवा आधीचं ‘ब्रेक इन’, ‘वेअर आउट’ हेही वाक्प्रचारच आहेत, आणि ते जागेवर बसतात. सजावट म्हणून आणलेली म्हण वाक्यातून बाहेर लोंबते.

शब्दवेल्हाळ

मुद्दा पटला. जागेवर बसत असेल तरच, हे बरोबर.

शिकाऊ_उमेदवार

‘डू यू नो एनीवन’ला काय सांगायचं? मावशीच्या मुलीला पंचवीस जोड आहेत, पण ती कझिन सिस्टर की फक्त कझिन?

कुर्ला_पूर्व

फक्त कझिन. मुलगी आहे हे पुढच्या ‘शी’ने कळतं. आणि ‘शी इज हॅविंग ट्वेंटी फाइव्ह पेअर्स’ नको, मालकीसाठी ‘हॅव’ला आयएनजी लागत नाही. “माय कझिन. शी मस्ट ओन अबाउट ट्वेंटी फाइव्ह पेअर्स, अँड हाफ ऑफ देम आर स्टिल इन देअर बॉक्सेस बिकॉझ द शू रॅक इज फुल.” ‘मस्ट ओन’मधून अंदाजही व्यक्त झाला. मुंबईच्या घरात जागा किती, हे कारण आपोआप पुढे येतं, त्याचा फायदा घ्या.

पायपीट

आता दुसरा भाग. बुटांचं थेट कार्ड नाही आलं तरी ‘नुकतीच घेतलेली वस्तू’, ‘महाग वस्तू’, ‘घेऊन पस्तावलात अशी वस्तू’ यांवर हेच साहित्य चालतं. मिळालेल्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका; सहा ते आठ सुटे शब्द, तेही ज्या क्रमाने बोलणार त्या क्रमाने. उदाहरणार्थ: मे – दादर – ब्राउन लेदर – टू टाइट – ब्लिस्टर्स – रेन – कॉबलर – नेव्हर अगेन. आरामात बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १४० शब्द बोलतो, म्हणजे प्रत्येक शब्दावर दोन-तीन वाक्यं झाली की दोन मिनिटं भरतात.

बहुतेक जण चाळीस सेकंदांत संपतात, कारण ते कार्डावरच्या सूचनांना एकेका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतात. वेळ वर्णनात आणि ‘तेव्हा काय वाटलं’ यात भरते: चामड्याचा वास, चालताना होणारी करकर (“दे क्रीक वेन यू वॉक”), पावसात फुगलेला तळ. दोन मिनिटं झाली की परीक्षक थांबवतो, वाक्य अर्धं राहिलं तरी काळजी नको. त्यानंतर एखादा छोटा प्रश्न येतो, त्याला एक-दोन वाक्यं पुरेत.

चर्चगेट_स्लो

तिसऱ्या भागाचं लिहितो. इथे ‘मी’ सोडून ‘लोक’वर यायचं असतं आणि निम्मे जण सोडत नाहीत. ‘व्हाय डू सम पीपल बाय मोअर शूज दॅन दे नीड?’ला पुन्हा स्वतःचा रॅक उघडून बसतात. “पीपल टेंड टू”, “इट लार्जली डिपेंड्स ऑन”, “यंगर शॉपर्स, इन पर्टिक्युलर” अशी सुरुवात करा.

हाताने बनवलेल्या वस्तू, स्थानिक कारागीर यांवर प्रश्न आला तर कोल्हापुरी चप्पल हे भक्कम उदाहरण आहे. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच सँडल्स दाखवल्या, टीका झाली, आणि मग कंपनीने प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं मान्य केलं. हे तीन वाक्यांत सांगता येतं आणि कारागिराला श्रेय व मोबदला मिळावा का, या मुद्द्यावर थेट जाता येतं. मुंबईतलंच हवं असेल तर धारावीचा चामड्याचा धंदा आहे. मात्र आकडे तोंडावर फेकू नका. एक वर्ष, एक ठिकाण एवढं बास.

प्रश्न कळला नाही तर सरळ विचारा: “सॉरी, कुड यू रिपीट दॅट?” गुण कापत नाहीत. फरक इतकाच की पहिल्या भागात परीक्षकाची चौकट घट्ट असते, तो सहसा तोच प्रश्न पुन्हा म्हणतो. तिसऱ्या भागात वेगळ्या शब्दांत विचारू शकतो.

दुपट्टी

सरावाची पद्धत विचारणारे दोन निरोप आले म्हणून इथेच लिहिते. फोनवर रेकॉर्डर लावा, प्रश्न एकदाच वाचा, दोन सेकंदांत बोलायला लागा, २५ सेकंदांवर थांबा. मग ऐकून जसंच्या तसं कागदावर उतरवा, अडखळण्यासकट. तीन गोष्टींना खुणा करा: सर्वनाम (इट की देम), काळ, आणि ‘बेसिकली’, ‘अॅक्च्युअली’ किती वेळा आलं. ठरावीक जोडशब्दांचा अतिवापर हे बँड ५ च्या वर्णनात आहे. मग कागद उलटा ठेवून तोच प्रश्न पुन्हा, पण दुसऱ्या तपशिलाने: आधी ऑफिसचे बूट, मग पावसाळी सँडल, मग लग्नासाठी घेतलेले. सहा प्रश्न, प्रत्येकी तीनदा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात.

बोलता बोलता चूक लक्षात आली तर एकदा दुरुस्त करून पुढे जा. “आय पुट, सॉरी, आय वेअर देम ऑल डे.” प्रत्येक वाक्यात मागे फिरलात तर ओघाचे गुण जातात.

शिकाऊ_उमेदवार

आज पहिली फेरी केली. अकरा ठिकाणी ‘इट’ म्हटलंय, जिथे ‘देम’ हवं होतं. उद्या त्याच सहा प्रश्नांवर फक्त तेवढंच बघणार.

अनुस्वार

बरोबर, एका वेळी एकच. ‘देम’ बसलं की पुट ऑन आणि वेअर घ्या, मग फिट आणि फीट.